साताऱ्याची शांतता, ऐजॉलची शांतता



१५ ऑगस्ट म्हटलं की आपल्याला १९४७ आठवतं. आम्ही आज सुरुवात करतो ती १५ ऑगस्ट १९४२ पासून. ‘चले जाव’ला जेमतेम आठवडा झाला होता, आणि त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एक वटहुकूम काढला. त्याचं नाव सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम. कॅप्टनच्या हुद्द्याच्या खाली नसलेल्या अधिकाऱ्याला, गरज पडली तर जीव जाईपर्यंत बळ वापरण्याचा हुकूम देता येईल, असा त्याचा आशय. सोळा वर्षांनी, ११ सप्टेंबर १९५८ रोजी, स्वतंत्र भारताच्या संसदेने नागा टेकड्यांसाठी जवळपास त्याच नावाचा कायदा केला. ‘अफ्स्पा’ म्हणून जो वर्तमानपत्रांत येतो तो हाच. त्यात एक फरक होता. अधिकार कॅप्टनवरून खाली उतरून नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे नाईक-हवालदारापर्यंत आला. परक्या सरकारला कॅप्टनच्या खाली कोणावर भरवसा नव्हता आणि आपल्या सरकारला होता, असं याचं कौतुक करता येईल. पण ज्याच्यावर बंदूक रोखलेली आहे त्याला हे कौतुक कसं वाटेल, तेही बघायला हवं.

आता लष्कर, सुरक्षा असल्या विषयावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने का बोलावं? एवढ्यासाठीच की ‘शांतता प्रस्थापित झाली’ हे वाक्य सरकारी पत्रकात फार सहज येतं, आणि शांतता म्हणजे काय हा प्रश्न आमच्या खात्यातला आहे. तो हवेत सोडवता येत नाही. म्हणून आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. जुना सातारा जिल्हा घेऊ आणि त्या जिल्ह्यातून निघून देशाचा संरक्षणमंत्री आणि पुढे गृहमंत्री झालेला एक माणूस घेऊ.

जुना सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि आजच्या सांगलीतले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके. १ ऑगस्ट १९४९ ला त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. मधे मधे संस्थानांची ठिगळं होती. सांगली, मिरज, औंध, फलटण. औंधचे तालुके तर एकमेकांना लागूनही नव्हते. कुंडल एकीकडे, आटपाडी दुसरीकडे. नकाशा पाहिला तर गोधडीच वाटते. पुढे या गोधडीचा भूमिगतांना फार उपयोग झाला, कारण एका गावात इंग्रजांचा फौजदार आणि शेजारच्या गावात संस्थानचा, असा तो कारभार.

हा जिल्हा सैनिकांचाही. अपशिंगे गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागतं; पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. पण सैन्यभरतीकडे नुसतं अभिमानाने पाहून भागत नाही. कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हेही सरकारचं धोरण असतं, आणि त्याने समाजाची घडी बदलते. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होते. ‘लढाऊ जाती’ आणि बिनलढाऊ जाती असा विचार त्यांच्या काळात पक्का झाला, त्याला सैन्यसुधारणा असं नाव मिळालं, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीत असलेला समाज कागदाच्या एका फटकाऱ्याने बाहेर गेला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात आले. त्यांचा मुलगा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. पलटणीने त्या घराला शिक्षणाची गोडी लावली होती, आणि पलटणीचं दार तर बंद झालं होतं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, तीही मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावात, म्हणजे दुसरं युद्ध अंगावर आल्यावर. एखादी जात लढाऊ आहे की नाही हे गरज ठरवत होती, आणि शास्त्र मागाहून रचलं जात होतं.

तर असा हा जिल्हा. मुलं पलटणीत, इटलीत आणि आफ्रिकेत लढताहेत आणि घरी ‘चले जाव’. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. कऱ्हाड, तासगाव इथले शांततेत झाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीचे तरुण इंजिनियर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. त्यानंतर मोर्चे थांबले. सरकारी भाषेत शांतता प्रस्थापित झाली. आणि खरी चळवळ तिथून सुरू झाली.

१९४३ पासून जे उभं राहिलं त्याला आपण प्रतिसरकार म्हणतो. क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावं इथे कोणाला सांगायला नकोत. शेणोलीजवळची पगाराची गाडी, धुळ्याचा खजिना, २४ जुलै १९४३ ला वसंतदादांनी फोडलेला सांगलीचा तुरुंग, या गोष्टी पोवाड्यांतून सगळ्यांना ठाऊक आहेत. आमचं लक्ष दुसरीकडे आहे. त्या वेळी देशात आणखीही दोन ठिकाणी अशी सरकारं झाली. बलियाचं काही दिवसांत संपलं. मिदनापूरच्या तामलुकचं डिसेंबर १९४२ ते ऑगस्ट १९४४ चाललं. साताऱ्याचं १९४६ पर्यंत टिकलं. का टिकलं?

डोंगर होते म्हणून, असं एक उत्तर देतात. डोंगर होतेच, पण डोंगरात राहून कोणी सरकार चालवत नाही. कुंडल, वाळवा, तासगाव हा तर कृष्णा-येरळेचा सपाट मुलूख. आमच्या मते कारण असं की माहिती कुठल्या दिशेला वाहते, यावर सगळं अवलंबून असतं. पोलिसांना बळ हवं तेवढं होतं. सांगणारा माणूस मिळत नव्हता. आणि तो मिळत नव्हता कारण न्यायदान मंडळं बांधाचं भांडण, सावकाराचा तंटा, टाकलेल्या बाईचा प्रश्न गावातच सोडवत होती, आणि प्रतिसरकारने सुरुवातीलाच दरोडेखोरांचा बंदोबस्त केला होता. ज्या दरोडेखोराला इंग्रजी फौजदार पकडत नव्हता त्याला तुफान सेना पकडत होती. मॅक्स वेबरने राज्यसंस्थेची व्याख्या केली आहे. विशिष्ट प्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी जिच्याकडे, ती राज्यसंस्था. विद्यार्थी ‘मक्तेदारी’ पाठ करतात आणि ‘वैध’ विसरतात. साताऱ्यात त्या तीन वर्षांत बळ एकाकडे होतं आणि वैधता दुसऱ्याकडे.

आता भाबडेपणा नको. तळपायावर मारायची ‘पत्री’ ही शिक्षाच होती, तिच्यावर अपील नव्हतं, आणि जिथे अपील नाही तिथे चुकीचा माणूस मार खातोच. प्रतिसरकारवर बोलताना हे वाक्य गाळायची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हाला ती मान्य नाही.

हे संपलं कसं, ते महत्त्वाचं. लष्कराने संपवलं नाही. १९४६ साली प्रांतात लोकांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली, भूमिगत माणसं उजेडात आली. ज्यांना शोधत होते त्यातलेच काही आमदार झाले. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण त्यांतले एक. १९४२ च्या मोर्च्यांमागे जी मंडळी होती त्यांत ते होते, त्यांच्यावर बक्षीस होतं, पत्नी वेणूताईंना अटक झाली, थोरले बंधू गेले ते याच धामधुमीत. १९४६ ला ते मुंबई सरकारात गृहखात्याचे पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. कालपर्यंत ज्या खात्याची वॉरंटं चुकवली त्याच खात्यात खुर्ची!

आणि मग १९४८ ची जानेवारी. मित्रहो, या भागात व्याख्यान द्यायचं आणि १९४८ वगळायचं, हे आजवर पुष्कळांनी केलंय. गांधीजींचा खून ३० तारखेला झाला. मारेकरी ब्राह्मण, चित्पावन, हे कळलं आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. दुकानं, कारखाने जळले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळला. कुटुंबं रातोरात शहरांकडे गेली. कित्येक परतलीच नाहीत. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगूळचे; त्यांची ‘वावटळ’ याच दिवसांवरची.

याला जातीय दंगल म्हणून सोडून देता येत नाही. पंचवीस-तीस वर्षांची पूर्वपीठिका आहे. सत्यशोधक चळवळीच्या काळात, १९१९ ते २१ या वर्षांत, याच जिल्ह्यात कुळांनी ब्राह्मण जमीनदार आणि सावकारांविरुद्ध उठाव केला होता. जमिनीचं, कर्जाचं, मानापमानाचं दुखणं जुनंच होतं. पण दुखणं समजणं वेगळं आणि आग समर्थनीय ठरवणं वेगळं. जळालेल्या घरांत चळवळीला भाकरी देणारी घरंही होती. ज्या गावाने तीन वर्षं भूमिगतांचं गुपित जपलं, त्या गावाने आग कोणी लावली याचंही गुपित जपलं. गावाची एकी ही जी गोष्ट आपण ४२ साठी गौरवतो, तीच इथे उलटी फिरली. आम्हाला वाटतं, आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातलं सगळ्यात अवघड वाक्य हे आहे.

आणि सरकार? सरकार आता परकं नव्हतं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई, गृहखात्यात खुद्द या जिल्ह्याचा माणूस. बळ होतं, वैधताही होती. तरी पहिल्या काही दिवसांत गावात सरकार नव्हतं. नंतर बंदोबस्त आला, आगी विझल्या, शांतता झाली. कसली शांतता? एक समाज गावातून उठून गेल्यावर जी उरते ती. भांडायला दुसरा पक्षच उरला नाही. त्याच वर्षी मुंबईचा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला ‘कृषक दिन’ झाला, आणि कसेल त्याची जमीन झाली. कूळकायदा न्याय्यच होता असं आमचं मत आहे. पण आगीनंतर आला म्हणून आग न्याय्य ठरत नाही, आणि आगीमुळे गेलेलं कायद्याने गेलेल्यात मिसळून गेलं. हिशोबच पुसला गेला. कौटिल्याने राज्यावर येणाऱ्या कोपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे भेद केले आहेत आणि आतला कोप जास्त धोक्याचा, असं स्पष्ट म्हटलंय. १९४८ चा कोप तर इतका आतला होता की त्याच्याविषयी बोलायला अजून घसा साफ करावा लागतो.

आता दिल्लीला जाऊ. २१ नोव्हेंबर १९६२. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तो दिवस, आणि यशवंतराव संरक्षणमंत्री झाले तोही तोच. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ ही ओळ आपण इतकी घासली आहे की तिच्याखाली झालेलं काम दिसेनासं झालंय. कृष्ण मेनन गेले होते, सरसेनापती थापर यांनी राजीनामा दिला होता, जनरल चौधुरी नुकतेच आले होते. चव्हाणांना लष्कराचा अनुभव शून्य. हा त्यांचा फायदाच झाला असं आम्हाला वाटतं, कारण त्यांनी सेनापतीच्या नकाशावर स्वतः रेघा मारल्या नाहीत. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना सकाळी एकत्र बसवायचं, प्रत्येकाने दुसऱ्यासमोर बोलायचं, अशी साधी पद्धत त्यांनी पाडली. पंचायत समितीत काम केलेल्याला यात नवल नाही. पण मेनन यांच्या काळात कोण कोणाशी काय बोलतो हेच कोणाला कळत नव्हतं, त्या साउथ ब्लॉकात ही क्रांती होती.

पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी केली. अहवाल प्रसिद्ध केला नाही. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्याचा सारांश तेवढा सांगितला. प्रशिक्षण डोंगरी युद्धाचं नव्हतं, साहित्य अपुरं होतं, गुप्तवार्ता ढिसाळ होती, वरच्या हुद्द्यांवर नेतृत्व कमी पडलं. खालच्या जवानाला त्यांनी दोष दिला नाही. मग कामं झाली. सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याचं ठरलं, पंचवीस डिव्हिजनांपैकी दहा डोंगरी. १९६४ ते ६९ अशी पहिली संरक्षण पंचवार्षिक योजना आली, पाच हजार कोटींची. अधिकारी कमी पडत होते म्हणून मद्रास आणि पुण्याला नव्या प्रशिक्षण शाळा निघाल्या. थ्री-नॉट-थ्री जाऊन इशापूरची सेल्फ-लोडिंग रायफल येऊ लागली. आमच्या पिढीला कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली तीही तेव्हाच. खाकी चड्डीला इस्त्री करण्यात आमचा देशसेवेचा बराच वेळ गेला. चव्हाणांनी मुख्यमंत्री असताना देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यालाच आणली होती, २३ जून १९६१ ला.

या सुधारणेची परीक्षा १९६५ ला झाली. १ सप्टेंबरला छांबमधे पाकिस्तानी रणगाडे घुसले. त्याच दिवशी दुपारनंतर हवाईदलप्रमुख अर्जनसिंग विचारायला आले आणि विमानं वापरायची परवानगी संरक्षणमंत्र्यांनी काही मिनिटांत दिली. १९६२ ला लढाऊ विमानं वापरायची की नाही याचा निर्णय शेवटपर्यंत झाला नव्हता. चार वर्षांच्या आत एक संस्था सुधारली. एवढं यश आपल्याकडे फार थोड्या खात्यांच्या नावावर आहे.

पण हे बाहेरच्या शत्रूचं. सहा महिन्यांनी आतला प्रश्न उभा राहिला. मिझो टेकड्यांत १९५९ ला बांबू फुलला, उंदीर वाढले, धान्य खाल्लं, दुष्काळ पडला. ‘माउताम’ म्हणतात त्याला. लालडेंगांनी दुष्काळनिवारणासाठी काढलेल्या संघटनेचं पुढे मिझो नॅशनल फ्रंट झालं. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री त्यांनी उठाव केला. खजिने, ठाणी ताब्यात घेतली. आम्ही मघाशी वर्णन केलेल्या एका जिल्ह्याची तुम्हाला आठवण झाली असेल. फरकही आहे, आणि तो मोठा आहे. फ्रंटला भारतातून फुटून निघायचं होतं, साताऱ्याला नव्हतं. ५ मार्चला ऐजॉलवर भारतीय हवाईदलाची विमानं आली आणि त्यांनी आपल्याच गावावर मारा केला. सरकारने तेव्हा ते कबूल केलं नाही. विमानं माणसं आणि रसद पोचवत होती असं सांगितलं. त्या विमानांत एका जातीचं नाव ‘तूफानी’ होतं. नावांचा योगायोग असतो, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण कुंडलच्या तुफान सेनेच्या गावच्या माणसाला ते नाव ऐकून काही वाटल्याशिवाय राहत नाही. संरक्षणमंत्री अर्थातच यशवंतराव होते.

नोव्हेंबर १९६६ ला ते गृहमंत्री झाले. जानेवारी १९६७ पासून मिझो टेकड्यांत गावांचं एकत्रीकरण सुरू झालं. युक्ती इंग्रजांची होती. मलायात १९५० पासून त्यांनी सुमारे पाच लाख लोक उचलून काटेरी तारांच्या ‘नव्या गावांत’ ठेवले, म्हणजे बंडखोरांना भाकरी आणि बातमी मिळू नये. मिझो टेकड्यांतही तेच. लोकांनी घरं सोडायची, जुनी गावं बहुतेक जाळली जायची, रस्त्याकडेला नव्या वस्तीत राहायचं, ओळखपत्र दाखवून शेतावर जायचं. झूम शेती लांबच्या डोंगरावर. संध्याकाळच्या आत परत यायचं म्हटल्यावर शेती मोडली.

लष्करी दृष्टीने यात तर्क होता. भाकरी आणि बातमी, याच दोन गोष्टींवर साताऱ्याचं प्रतिसरकार टिकलं होतं, आणि हे दिल्लीत चव्हाणांइतकं आतून कोणाला ठाऊक असणार? लिनलिथगोच्या सरकारने कुंडल-वाळव्याचा पट्टा उचलून मिरज स्टेशनाजवळ तारेच्या कुंपणात ठेवला असता, तर प्रतिसरकार कदाचित संपलं असतं. १९४६ ला आमदार व्हायला मग कोण उरलं असतं, ते सांगता येत नाही. चव्हाणांवर सगळा बोजा टाकावा असं आम्ही म्हणत नाही. निर्णय एकट्याचे नव्हते, पूर्व विभागाचं लष्करी नेतृत्व, आसाम सरकार, पंतप्रधान, सगळे त्यात होते. ब्रह्मदेश आणि पूर्व पाकिस्तान दोन्ही बाजूंना होते, आणि शस्त्रं पूर्व पाकिस्तानातून येत होती. पण १९६२ नंतर त्यांनी सैन्याला जे शिकवलं त्यात एक धडा होता, तो म्हणजे समोरचा काय म्हणतो ते त्याच्यासमोर ऐकून घ्यायचं. तो धडा साउथ ब्लॉकच्या टेबलावर चालला. ऐजॉलच्या डोंगरापर्यंत तो पोचायला वीस वर्षं लागली. ‘कृष्णाकाठ’ हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड १९४६ पाशी थांबतो. यमुनाकाठचा खंड लिहून होण्याआधी, २५ नोव्हेंबर १९८४ ला, ते गेले.

मिझो टेकड्यांचा करार ३० जून १९८६ ला झाला, आणि त्या वर्षी लालडेंगा मुख्यमंत्री झाले. आपल्याकडेही सांगलीचा तुरुंग फोडताना गोळी खाल्लेला माणूस १९७७ ला मुख्यमंत्री झालाच होता. तुरुंग फोडल्यापासून त्या खुर्चीपर्यंत मधे चौतीस वर्षं गेली, पण वाळवा-तासगावच्या गावांना त्यासाठी आपली जागा सोडावी लागली नव्हती. मिझो गावांतली कितीतरी मूळ जागी परत गेलीच नाहीत. ती आजही रस्त्याकडेलाच आहेत.

वेळ संपत आलीय असं अध्यक्षांनी घड्याळ दाखवून सांगितलंय. उरलेली पंधरा मिनिटं प्रश्नांना देऊ. १९४८ वर कोणाला विचारायचं असेल तर उठून, मोठ्याने विचारा, चिठ्ठी नको.